बायकोचा तास आणि शेजाऱ्याची मोटार

राउटरला मी पहिली चापट मारली ती उघड्या पंजानं, पोराच्या पाठीत घालतात तशी. दुसरी चपलेनं. तिसऱ्या वेळी मूठ वळली आणि त्याचा एक अँटेना मोडून माझ्या हातात आला.

हे वाचून मी रानटी आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे, पण मी कुठं काम करतो ते आधी ऐकून घ्या. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं खातं माझ्याकडं आहे. आमच्याकडं माग अडकला की फोरमन त्याला लाथ घालतो. ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोरानं. माग चालू होतो. शिलाईचं मशीन रुसलं की त्याच्या डोक्यात लाकडी ठोकळा बसतो. गठ्ठे आवळायचं यंत्र तर शिवी दिल्याशिवाय हलतच नाही. त्या खडखडाटात अर्धं आयुष्य गेल्यावर माणसाची एक समजूत पक्की होते, की यंत्र ही मार खाऊन सुधारणारी वस्तू आहे. राउटरही यंत्रच. त्याला दिवे होते, एवढाच काय तो फरक.

आणि माझं डोकं फिरायला तसंच कारण होतं. बायकोचा प्रश्न होता.

ती बरीच वर्षं एका खाजगी बालवाडीत शिकवत होती. बालवाडी बंद पडली आणि ती घरी बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली. खिडकीशी, हात मांडीवर ठेवून. भाजीवाल्याशी घासाघीस करणंसुद्धा तिनं सोडलं, तेव्हा मला खरी भीती वाटली. मग कुणाकडून तरी कळलं की परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांना घरबसल्या मराठी शिकवणारी एक संस्था आहे. तिनं अर्ज केला. बोलावणं आलं. तीन रविवार, तीन तास, चाचणीचे. दुबईतली मुलं समोर, त्यांचे आईबाप मागं, संस्थेच्या बाई एका कोपऱ्यात. पसंत पडलं तर कायमचा वर्ग मिळणार. ती पुन्हा इस्त्रीची साडी नेसायला लागली. स्वयंपाक करता करता कढईला ‘मुलांनो’ म्हणायला लागली.

पहिल्या तासाला तिनं ‘आ’ म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिकडं दुबईत. इकडं ती बिचारी शिकवतच होती, आंबा, आई, आकाश, हातवारे करून. आपलं चित्र अडकलंय हे तिला कळलंच नाही. शेवटी त्या बाई म्हणाल्या, ‘‘मॅडम, आम्हाला मघापासून फक्त तुमच्या दाढा दिसतायत.’’ मुलं खिदळली ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. हसण्याला नेट आडवं येत नाही.

ती बाहेर आली ती डोळे कोरडे ठेवून. ‘‘अहो, अजून दोन तास हायत. ते पण असेच गेले तर मी पुन्हा कुणापुढं उभी ऱ्हाणार न्हाय. हसं करून घ्यायला बसले न्हाय मी.’’

‘‘मी बघतो,’’ मी म्हणालो. आमच्या घरात जेवढी मोडतोड झाली आहे त्यातली बरीचशी या दोन शब्दांनंतर झाली आहे.

घराची रचना सांगायला हवी. पुढं हॉल, त्यातल्या कोपऱ्यात फळीवर राउटर. मागं एक खोली, शांत, पुस्तकांचं कपाट असलेली, तिथं तिचा तास. आणि या दोन्हींच्या मधे एक अरुंद बोळ. त्या बोळात आमचं पाणी राहतं. सोलापुरात पाणी पाच-सात दिवसांनी येतं आणि वेळ सांगून येत नाही, त्यामुळं आमच्या घरात माणसांपेक्षा पिंपं जास्त आहेत. निळी प्लॅस्टिकची, स्टीलची, त्यांच्यावर हंडे, हंड्यांवर कळशा. पाणी आलं की हे सगळं काठोकाठ भरतं आणि बोळातनं तिरकं होऊन जावं लागतं.

‘‘पाणी आलं की नेट जातंय बघा,’’ बायको तेव्हाच म्हणाली होती. पहिल्या तासाच्या दिवशी सकाळीच नळ आले होते.

‘‘नेट काय नळातनं येतंय व्हय?’’ मी म्हणालो आणि माझ्याच विनोदावर मोठ्यानं हसलो.

मग मी तो आठवडा युद्धात घालवला. कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, बंद करून चालू करा. मी बंद करून चालू केला. मग तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि मी फोन भिंतीवर आपटला. भिंतीला काही झालं नाही. राउटरच्या पाठीचे स्क्रू डिस्मिसनं काढायला गेलो तर डिस्मिस सटकून तळहातात घुसला. रक्त बघून माझा धीर वाढला. म्हटलं, बिघाड बाहेर असणार, वर चला. गच्चीवर गेलो.

आमची वायर शेजाऱ्याच्या शेवग्यातून येते. हा शेजारी म्हणजे आमचे अण्णा. बाजारात ज्वारीची आडत, अंगानं दणकट, घरात कानडी बोलणारे आणि बाहेर मराठी. भांडताना दोन्ही. शेवग्याची एक जाड फांदी वायरीवर रेलून बसली होती. मला वाटलं, हिनंच वायरीचा गळा दाबलाय. मी कोयता आणला. पहिला घाव बसला नाही. दुसरा जरा बसला. तिसरा मी असा घातला की फांदी तुटली, वायर तुटली, आणि कोयता हातातून सुटून अण्णांच्या अंगणात गेला. तिथं अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, पांढऱ्या धोतरावर कुरड्या वाळत घातल्या होत्या. फांदी बरोबर त्यांच्यावर आडवी झाली. कोयता मधोमध उभा रुतला.

अण्णा बाहेर आले. त्यांनी कोयत्याकडं बघितलं, मग वर माझ्याकडं.

‘‘साहेब, मारायचं व्हतं तर सांगून मारायचं की. उगं कुरड्यांचा खून कशाला?’’

‘‘अण्णा, वायर मोकळी करत होतो.’’

‘‘झाली की मोकळी. लोंबती बघा.’’

दुसऱ्या दिवशी जोडणीवाला आला. वायर जोडली, राउटरचा मोडका अँटेना बघून माझ्याकडं एकदा बघितलं, नवा राउटर लावला, फळीशी उभं राहून मोबाईलवर वेग मोजला आणि म्हणाला, ‘‘हितं तर लई जोरात पळतंय की.’’ त्या दिवशी मागच्या खोलीतही पळत होतं. पिंपं तळाला गेली होती, कळशा रिकाम्या पालथ्या पडल्या होत्या. पण मी कशाला तिकडं बघतोय? मी बायकोसमोर छाती काढून उभा होतो.

रविवारी पुन्हा नळ आले. आम्ही सगळं भरलं. बायको तासाला बसली आणि आवाजाचे तुकडे पडायला लागले. ‘मु... नो... ज... पण...’ दुबईतला एक मुलगा रडायला लागला. टीचरला काहीतरी झालंय असं वाटलं त्याला. मी बोळात तिरका उभा राहून ऐकत होतो. आणि तेव्हाच मला तो आवाज आला. घुंऽऽ. अण्णांची मोटार. नळाला लावून पाणी ओढणारी.

पहिल्या रविवारीही हा आवाज होता! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड सगळाच्या सगळा चुकीचा होता. बायकोचं म्हणणं खरं होतं तर. पाणी आलं की नेट जातं. कारण पाणी आलं की अण्णांची मोटार लागते, आणि ती मोटार आमचं नेट खाते.

त्या दिवशी बायको जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि अण्णांकडं गेलो.

‘‘तुमची मोटार आमचं नेट ओढती,’’ मी सांगितलं.

अण्णा दारात सुपारी कातरत होते. ‘‘मोटार पाणी वढती. नेट वढत न्हाय. तुमी आधी कुरड्या भरून द्या.’’

‘‘पुढच्या रविवारी हिचा शेवटचा तास आहे. तेवढा वेळ मोटार बंद ठेवा.’’

‘‘आणि पाणी तेवढ्यातच गेलं मग? पाच दिवस काय नेट पिऊ?’’ अडकित्ता माझ्या नाकासमोर नाचवत ते म्हणाले. मी तो हात झटकला. त्यांनी माझ्या छातीवर बोट टोचलं. मी बोट पिरगाळलं. आतून अक्का ओरडल्या म्हणून तेवढ्यावर भागलं.

तिसऱ्या रविवारी नळ यायला नको होते. हिशेबानं शनिवारी यायला हवे होते. ते रविवारीच आले, सकाळी, भरपूर दाबानं. बायकोनं देवापुढं हात जोडले आणि मग खालमानेनं पिंपं भरली. काय करणार, पाणी सोडता येत नाही. पार छतापर्यंत कळशा रचल्या आम्ही. तिचा तास सुरू झाला. फळांचा धडा होता. मी हॉलमधे बसलो, दाढा आवळून.

थोड्याच वेळात खोलीचं दार किलकिलं झालं आणि तिचा हात बाहेर आला. नुसता हात. तो हवेत दोनदा हलला. गेलं.

घुंऽऽ.

मी कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारली. लेंगा खिळ्याला अडकून गुडघ्यापर्यंत फाटला. अण्णांच्या दाराशेजारी बोर्ड, बोर्डात प्लग. मी प्लग असा उपटला की बोर्डही थोडा भिंतीतून बाहेर आला.

सोलापूरच्या माणसाला आईवरून शिवी द्या, एखादे वेळी सोडून देईल. पाणी आलेलं असताना त्याची मोटार बंद करू नका. मला हे कळत नव्हतं असं नाही. मी त्याच गावात वाढलोय.

टाकीशी पाइप धरून अण्णा उभे होते, लुंगी आणि बनियन. पाइपातली धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. त्यांनी सावकाश वळून बघितलं. माझ्या हातात प्लग.

त्यांनी पाइप फिरवला आणि माझ्या पाठीवर सपकन ओढला. जाड रबरी, ओला. मला आधी आवाज आला आणि मग आग. दुसरा बसायच्या आत मी त्यांच्या दंडाला चावलो. लाज कसली, चावलो. त्यांनी माझी मान काखेत धरली आणि दुसऱ्या हातानं डोक्यावर बुक्क्या घालायला लागले, खलबत्त्यात कांडावं तसं, एका लयीत.

‘‘मोटार बंद करतोस व्हय! माझी! पाणी चालू असताना!’’

‘‘बिड्री! अवो बिड्री!’’ सोडा, सोडा म्हणून अक्का त्यांची लुंगी ओढत होत्या. लुंगीची गाठ सुटतेय असं वाटून अण्णांनी एक हात तिकडं नेला, तेवढ्यात मी निसटलो. भिंतीवरून परत. ते मागोमाग. एवढ्या वजनाचा माणूस भिंतीवरून उडी मारतो तेव्हा पळावं, पण आमच्या घरात पळायला बोळ सोडून जागा नाही.

बोळात त्यांनी मला गाठलं. मागून कॉलर धरून पुढं ढकललं आणि माझं कपाळ स्टीलच्या पिंपाच्या तोटीवर आपटलं. भुवईवर फाटलं. डोळ्यात रक्त आलं आणि सगळं घर लाल दिसायला लागलं. मी कोपर मागं मारलं, ते त्यांच्या ओठावर बसलं. दात लागल्याचं मला कोपराला जाणवलं. ‘‘आयला!’’ म्हणून ते थुंकले. मग मी वळलो आणि फोरमनला मनात स्मरून लाथ घातली. ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोरानं. अण्णा बाजूला झाले. लाथ निळ्या पिंपाला बसली.

पिंप डुललं. वरचा हंडा घसरला, कळशी अण्णांच्या खांद्यावर पडून माझ्या गुडघ्यावर आली, आणि मग ते एवढं मोठं पिंप, काठोकाठ भरलेलं, आमच्या दोघांवर आडवं झालं. पाण्याचा लोट हॉलमधे गेला. मी खाली, माझ्यावर अण्णा, अण्णांवर पिंप. नाकात पाणी, तोंडात रक्त. तरी माझा हात त्यांच्या लुंगीत गच्च होता आणि त्यांचा माझ्या केसांत.

आणि मागच्या खोलीतून, खणखणीत, एकसुद्धा अक्षर न तुटता, एका मुलीचा आवाज आला, ‘‘टीचर, आता तुम्ही दिसता!’’

दार उघडलं. बायको उंबऱ्यात उभी. तिनं आडवं पिंप बघितलं. पलीकडं हॉलमधल्या फळीवर लुकलुकणारा राउटर बघितला. आता तो तिथून दिसत होता, मधे पाणी नव्हतं. मग तिनं उरलेल्या उभ्या पिंपांकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला रक्तातूनसुद्धा दिसलं.

तेवढ्यात अण्णांनी मला सोडलं. पाणी वाया जातंय म्हटल्यावर त्यांच्यातला सोलापूरकर जागा झाला. ते पिंप उभं करायला धावले.

‘‘अण्णा, हात लावायचा न्हाय त्याला!’’ बायको म्हणाली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

आणि तिनं भिंतीला पाय लावून दुसरं पिंप ओढलं. दोन्ही हातांनी, दात ओठांवर रोवून. ते कोसळलं. मग तिसरं. हंडे लाथेनं उडवले. एक घागर उचलून तिनं अशी भिरकावली की ती थेट हॉलच्या दाराला जाऊन चेपली.

‘‘अवो वैनी! पाणी हाय ते! पाणी!’’ अण्णा दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडले, कुणीतरी लेकरू विहिरीत टाकतंय अशा आवाजात.

‘‘कळतंय मला,’’ ती म्हणाली. शेवटची कळशी पालथी केली, ओला हात साडीला पुसला आणि आत गेली. दार उघडंच राहिलं.

‘‘हं, मुलांनो,’’ तिचा आवाज आला, गोड, धापा लपवणारा. ‘‘फळं पुढच्या वेळी. आज आपण आवाज शिकू. आत्ता जे पडलं ते कसं पडलं? धाडकन. म्हणा.’’

‘‘धाडकन!’’ दुबईहून सगळी मुलं एकदम.

‘‘भांडं कसं वाजलं? खण्णकन. आणि पाणी कसं वाहिलं? भळाभळा.’’

आम्ही दोघं घोट्याएवढ्या पाण्यात बसून ऐकत होतो. अण्णांच्या हनुवटीवरून रक्त बनियनवर ठिबकत होतं. ‘‘शिकवत्यात चांगलं,’’ ते कुजबुजले. मग त्यांना मोटार आठवली असावी. त्यांनी माझा कान धरला आणि पिळला. मी ओरडू शकत नव्हतो, तास चालू होता. मी त्यांच्या मांडीला चिमटा घेतला, नखं रुतवून. त्यांनी डोळे पांढरे केले पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मग आम्ही उरलेलं भांडण तसंच केलं, बिनआवाजाचं. त्यांनी माझं बोट मागं वाकवलं. मी त्यांच्या बरगडीत गुडघा घातला. त्यांनी माझं डोकं पाण्यात दाबलं, सावकाश, बुडबुडे येऊ न देता. आमच्या खात्यात इतकं शिस्तीचं काम मी कधी बघितलेलं नाही. एकदाच, त्यांनी भुवईच्या जखमेवर अंगठा दाबला तेव्हा, माझ्या तोंडून ‘आईगंऽऽ’ निघालं.

‘‘आणि हे कण्हणं,’’ आतून आवाज आला. ‘‘म्हणा, कण्हणं.’’

‘‘कण्हणं!’’

दवाखान्यात आम्हाला एकाच बाकावर बसवलं. माझ्या भुवईला टाके, त्यांच्या ओठाला टाके. डॉक्टरनं विचारलं काय झालं, तर अण्णा सुजलेल्या तोंडानं म्हणाले, ‘‘नेट स्लो व्हतं.’’

घरात पुढचे काही दिवस पाण्याचा थेंब नव्हता. अक्का रोज भिंतीवरून एक घागर द्यायच्या आणि प्रत्येक घागरीबरोबर एक टोमणा. ‘‘घ्या. आमची मोटार चालू हाय अजून.’’ पिंपं बायकोनं अंगणात काढली. पुढच्या वेळी नळ आले तेव्हा ती तिथंच भरली, काठोकाठ, आणि मागच्या खोलीत नेट सरळ चाललं. राउटरच्या लहरी भरल्या पिंपांतल्या पाण्यातून पार होत नाहीत; बोळात आम्ही पाण्याची भिंत बांधली होती आणि तिच्यापलीकडून हाका मारत होतो, एवढंच ते होतं. मे महिन्याच्या उन्हात पिंपातलं पाणी आता एवढं तापतं की अंघोळीला गार पाण्याचं विसण लागतं. पण माझी तक्रार करायची हिंमत नाही.

संस्थेच्या बाईंचा फोन आला त्या दिवशी टाके ओढत होते आणि मी आडवा पडलो होतो. बायकोनं फोन उचलला आणि नकळत उभी राहिली. तो तिनं स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

‘‘मॅडम,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आमच्या मुलांना तासभर एका जागी बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. सगळ्या पालकांनी तुम्हालाच मागितलंय. वर्ग तुमचा.’’

बायकोनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

‘‘एक विचारू? ते आवाजांचं रेकॉर्डिंग कुठून मिळवलंत? इतकं खरं वाटत होतं.’’

तिनं माझ्या बँडेजकडं बघितलं. ‘‘घरचंच आहे,’’ ती म्हणाली.

‘‘वा! मग असं काही दर तासाला जमेल का?’’

‘‘जमेल की,’’ ती म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधीच माझ्याकडं बघत तिनं पदर खोचला.